गोलकीपर बदलू का?

नववीतला माझा लेक एरवी घरात चार शब्द बोलत नाही, पण शुक्रवारी ओट्याशी येऊन हमखास विचारतो, "आई, गोलकीपर बदलू का?"

इंग्लंडच्या प्रीमियर लीगवरचा हा फॅन्टसी खेळ. मोबाइलवर 15 फुटबॉलपटू निवडायचे, त्यांत 2 गोलकीपर. प्रत्यक्ष सामन्यांतल्या कामगिरीवर गुण. बदल आठवड्याला 1 फुकट; जास्तीच्या प्रत्येकाला 4 गुण कापतात. संघानं गोल खाल्ला नाही, तर गोलकीपरला मिळतात तेही 4च! मग हाती काय उरलं? एक दिवस दूध नासलं म्हणून आपण दूधवाला बदलतो का, मैत्रिणींनो?

मी सांगते, "फुकटचा बदल राखून ठेव. 5 पर्यंत साठतात. कुणी जायबंदी झाला, तर अडीनडीला कामी येईल."

काटकसरीचा इतका सोपा धडा मला वर्गातही सापडला नव्हता.