विलंबित लयीतला कॉन्ट्रा

कॉन्ट्रा या व्हिडिओ गेमच्या पहिल्या जंगलातलं संगीत आम्हा सोलापूरच्या पोरांच्या कानात ज्या लयीत बसलंय, त्या लयीत ते जपानमध्ये कधी वाजलंच नाही. तिथं ते धावतं. आमच्याकडे ते दमानं, पाय रोवत चालायचं. पट्टी तीच, लय तेवढी विलंबित.

यात आठवणींचा खेळ काही नाही, सगळं गणित आहे. निन्टेन्डोनं १५ जुलै १९८३ रोजी फॅमिकॉम हे गेमचं यंत्र विकायला काढलं ते जपानी टीव्हीसाठी. मासायुकी उएमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेलं ते यंत्र सेकंदाला ६० चित्रं काढतं, आणि खेळ आपली बहुतेक कामं चित्रं मोजूनच करतो : इतकी चित्रं झाली की गोळी पुढं सरकव, इतकी झाली की सूर बदल. आपला तेव्हाचा टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला ५० चित्रांचा. त्यामुळे मीडिया, लिटल मास्टर अशा नावांच्या फॅमिकॉमच्या ज्या नकला आपल्या घरांत आल्या, त्यांच्यावर हाच कॉन्ट्रा एक षष्ठांशानं सावकाश झाला.

मग पट्टी का उतरली नाही? निन्टेन्डोनं युरोपसाठी ५० चित्रांचं स्वतःचं यंत्र काढलं, तेव्हा त्याच्या प्रोसेसरचं घड्याळही मंदावलं. सेकंदाला सुमारे १७.९ लाख ठोक्यांऐवजी १६.६ लाख. आवाज त्याच घड्याळातून निघतो, म्हणून तिथं गाणी अर्ध्या स्वराहून थोडी जास्तच खाली गेली. तैवानच्या यूएमसी कंपनीनं पाल टीव्हीवरच्या नकलांसाठी यूए६५२७पी आणि यूए६५३८ या चिपा बनवल्या, त्यांत मात्र घड्याळ १७.७ लाखांवर ठेवलं. हा फरक कानाला जाणवत नाही.

त्याहून सुंदर गोष्ट रेषांची आहे. जपानी यंत्राचं एक चित्र २६२ रेषांच्या वेळात पुरं होतं, पालचं ३१२ रेषांच्या. चित्र संपलं की यंत्र खेळाला एक इशारा देतं, आणि त्यानंतरच्या २० रेषांच्या वेळात खेळानं पडद्यावरचे बदल उरकायचे असतात. आता या वाढीव ५० रेषांचं काय करायचं? निन्टेन्डोच्या युरोपी यंत्रानं इशारा लगेच दिला आणि मागं ७० रेषांचा वेळ सोडला. जपानी हिशेबानं नेमका वेळ मोजणारे काही खेळ तिथं अडखळत. यूएमसीच्या इंजिनिअरांनी या ५० रेषा इशाऱ्याच्या आधी सरकवल्या. इशाऱ्यानंतर पुन्हा त्याच २० रेषा. खेळाला आपण परमुलखात आलोय याचा पत्ताच लागत नाही, आणि वर दर चित्रामागे विचार करायला थोडा जास्त वेळ मिळतो. या माणसांची नावं कुठल्याही डब्यावर छापलेली नव्हती. ज्या यंत्राला आपण नकली म्हणून मोडीत काढलं, त्याच्या आत इतकं निगुतीचं काम होतं. हे समजल्यापासून त्या यंत्राबद्दल माझ्या मनात नुसता जिव्हाळा नाही, आदर आहे.

कुंभारीत अशी यंत्रं अजून निघतात. सोलापूरहून अक्कलकोट रस्त्यानं आलं की आमचं गाव. इथं २००६ मध्ये गोदूताई परुळेकर घरकुल उभं राहिलं. विडी कामगार बायकांची १०,००० घरं. पुढं रे नगर झालं, १९ जानेवारी २०२४ रोजी तिथल्या १५,००० घरांच्या चाव्या वाटल्या गेल्या. घर बदललं की माळे रिकामे होतात. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका खोलीत तीन पिढ्यांनी साठवलेलं सामान बाहेर येतं, त्यात पितळेच्या घागरी असतात, चादरींचे जुने तागे असतात आणि तळाशी वायर गुंडाळलेला व्हिडिओ गेम असतो. रिमोटची बटणं झिजलेली, झाकण रबरबँडनं बांधलेलं. शेजारच्या अक्का भंगारात घालायच्या आधी मला हाक मारतात, हे त्यांचे उपकार.

उघडून पाहिलं तर पुष्कळदा आत चिप दिसतच नाही. असतो तो काळ्या लाखेसारखा कडक थेंब, त्याखाली सगळं यंत्र. त्यावर नाव नाही, नंबर नाही. मग वागण्यावरून ओळख पटवायची. एक छोटा प्रोग्रॅम लिहून कार्ट्रिजमधून चालवायचा, दोन इशाऱ्यांमध्ये प्रोसेसरचे किती ठोके पडतात ते मोजायचं. जपानी यंत्रात सुमारे २९,७८०. माझ्या टेबलावरच्या यंत्रानं ३५,४६४ दाखवले, तेव्हा थेंबाखाली कोण आहे ते कळलं.

कॉम्प्युटरवर हेच यंत्र उभं करणाऱ्या प्रोग्रॅमला एम्युलेटर म्हणतात. १९९७ मध्ये नेस्टिकल आला, तेव्हा त्या काळच्या अशक्त कॉम्प्युटरवर खेळ पुऱ्या वेगानं पळतोय हेच नवल होतं. आजचा मेसेन एकेक ठोका मोजून चालतो. त्यात प्रदेश निवडायची सोय आहे : जपान-अमेरिका, युरोप आणि तिसरा डेंडी. डेंडी ही रशियात १९९२ पासून विकली गेलेली अशीच नक्कल. आमच्या यंत्राची लय हवी असेल तर हा तिसरा पर्याय निवडायचा. शिवाय माझ्याकडच्या यंत्रात आवाजाचीही एक खोड आहे. चौकोनी लहरींच्या दोन प्रकारांची अदलाबदल झाली आहे, त्यामुळे जिथं भरदार सूर हवा तिथं नाकातला येतो. एफसीईयूएक्स या एम्युलेटरमध्ये तेवढ्यासाठी वेगळी खूण करता येते. जगाच्या पाठीवर कुणाला तरी ही खोडही जपावीशी वाटली, याचं मला फार अप्रूप आहे.

गल्लीतला एक मुलगा शाळा सुटली की येऊन बसतो. "काका, गाणं स्लो का वाजालंय?" म्हणाला. मी दोन्ही लयी ऐकवल्या. "फास्टवालंच भारी," असा निकाल देऊन तो गेला. बरोबरच आहे. त्याच्या कानावर आधीचं काही कोरलेलं नाही. पण म्हणूनच ही लय नीट नोंदली जायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. संग्रहालयात जपानी यंत्र राहील, त्याची काळजी घेणारे पुष्कळ आहेत. पूर्व भागातली पोरं तासावर भाडं देऊन ज्यावर खेळली, ते यंत्र आपण नाही जपलं तर कोण जपणार?

जपायचं म्हणजे नुसतं चालू ठेवायचं असं मी मानत नाही. त्याच्यासाठी नवं लिहायला हवं. डेरेक लोमास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लेपॉवर या उपक्रमात भारतातली मुलं डोळ्यांसमोर ठेवून, कीबोर्डवाल्या स्वस्त टीव्ही कॉम्प्युटरसाठी शिकण्याचे खेळ करायला घेतले होते. तेही याच जातीचं यंत्र. माझ्या मनात मात्र शिक्षण नव्हतं. गड्डा होता.

संक्रांतीच्या सुमाराला सोलापुरात सिद्धेश्वरांची यात्रा भरते, तोच गड्डा. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी नंदीध्वजाच्या उंच काठ्या पेलत चालतात. काठी कलली की सगळ्या गर्दीचा श्वास अडकतो. तोल सांभाळत काठी संमती कट्ट्यापर्यंत न्यायची, एवढाच माझा खेळ. नंदीध्वज सात आहेत. आणि या यंत्राचा नियम असा, की एका आडव्या रेषेवर आठच स्प्राइट, म्हणजे हलती छोटी चित्रं, दिसतात. नववा आला की तो गायब. सात काठ्या एका ओळीत उभ्या केल्या, तरी एक जागा उरते! हे लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

एक काठी म्हणजे एकावर एक रचलेले आठ उभे स्प्राइट, प्रत्येक १६ ठिपके उंच. अर्ध्याहून जास्त पडदा उंचीनं व्यापला जातो. ६४ पैकी ५६ स्प्राइट काठ्यांतच संपतात. खाली मानकरी काढायला गेलो तर प्रत्येकाला रुंदीत दोन लागतात, सातांचे चौदा. मग माणसं लुकलुकायला लागतात, कॉन्ट्रात गोळ्या लुकलुकायच्या तशी. बऱ्याच एम्युलेटरांत ही मर्यादा उठवता येते. मी उठवत नाही. जे खऱ्या यंत्रावर दिसणार नाही ते करून काय उपयोग? मानकऱ्यांना मागच्या चित्रात घेतलं, काठ्या तेवढ्या स्प्राइटच्या ठेवल्या.

कलणं अवघड होतं. ६५०२ कुळातल्या या प्रोसेसरला गुणाकार येत नाही, कोन वगैरे तर दूरच. मग कलण्याच्या १६ पायऱ्या ठरवल्या, प्रत्येक पायरीला आठ तुकडे किती ठिपके सरकतील त्याचं कोष्टक हातानं मांडलं. १२८ आकडे. खालचा तुकडा जवळजवळ जागेवर, वरचा सगळ्यात जास्त बाहेर. आकडे बसले आणि काठी वाकल्यासारखी न दिसता सरळ कलायला लागली.

हा तोल मी ५० चित्रांच्या हिशेबानं जुळवलाय. जपानी यंत्रावर काठी सहा सेकंदांत पडायची ती पाचातच पडेल. म्हणून खेळ सुरू होतानाच दोन इशाऱ्यांमधले ठोके मोजतो आणि आपण कुठल्या यंत्रावर आहोत ते ओळखतो. यंत्र ६० चित्रांचं निघालं तर दर सहाव्या चित्राला काठी आणि हलगी दोन्ही थांबवून ठेवतो. इतकी वर्षं आम्ही त्यांच्या खेळाची लय आमच्या टीव्हीवर ऐकली. हा खेळ त्यांच्या टीव्हीवरही सोलापूरच्या लयीतच चालेल.

अक्षरांनी मात्र घाम काढला. यंत्र सगळं मागचं चित्र आठ बाय आठ ठिपक्यांच्या टाइलांतून रचतं आणि एका वेळी अशा २५६च टाइल हाताशी असतात. इंग्रजी मुळाक्षरं त्यात आरामात मावतात. आपल्याला वर वेलांटी, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. शिरोरेषा ही सोय आहे, ती शेजारच्या टाइलमध्ये सलग धावते. पण काना हा एका ठिपक्याचा दांडा, त्याला अख्खी टाइल दिली तर शब्द विरळ दिसतो. कुंभारी लिहायला गेलो तर पहिल्याच अक्षरात वर अनुस्वार, खाली उकार. तीन मजले झाले. शेवटी अक्षरं जुळवणं सोडलं आणि अख्खा शब्दच चित्र म्हणून ग्राफ पेपरवर काढला. आमचे नाना चादरीच्या कारखान्यात नक्षीचं काम करायचे. जॅकार्डची कार्डं छेदायच्या आधी मोर असाच चौकोनांत बसवायचे, चोचीसाठी एक घर, डोळ्यासाठी एक घर सोडत. गड्डा या शब्दातला ड्ड मी त्यांच्या जुन्या पट्टीनं आखला. दोन ड एकाखाली एक, खालच्याचं पोट थोडं चेपून. ठिपका इकडचा तिकडे झाला की तो ट्ट वाचला जाई.

हलगी यंत्राच्या खरखरीच्या आवाजातून काढली आहे. पहिला ठोका मोठा, मागचे दोन आखूड, आणि तो कडकडाट नाकातल्या सुरासोबत या यंत्रावर जास्त खुलतो. राहिलंय ते यात्रेतलं शोभेचं दारूकाम. त्या पडद्यावर काठ्या मागच्या चित्रात उभ्या करायच्या, म्हणजे ठिणग्यांना ६४ च्या ६४ स्प्राइट मोकळे मिळतील. फक्त एका रेषेवर आठांपेक्षा जास्त येऊ न देता बाण फुटला पाहिजे. त्याचं कोष्टक सध्या मांडतो आहे.