पोथी कोणाकोणाची

अंबरनाथ (पूर्व),
कार्तिक शुद्ध पंचमी

ती. आत्यास,


आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला. त्याच १०६० साली, म्हणजे विक्रम संवत १११७ मध्ये, पश्चिम भारतात ‘ओघनिर्युक्ती’ हा जैन साधूंच्या आचाराचा ग्रंथ ताडपत्रांवर उतरवला गेला, आणि त्यात हत्ती, कामदेव, लक्ष्मी अशी चित्रंही काढली गेली. तारीख असलेल्या जैन सचित्र पोथ्यांत ही सर्वांत जुनी मानतात. आज ती जैसलमेरच्या ज्ञानभांडारात आहे. वालधुनी नदीकाठचं आपलं देऊळ साडेनऊशे वर्षं जागचं हललं नाही. पोथी मात्र हातोहात जाते, आणि कोणाकोणाच्या हातून गेली हाच तिचा अर्धा इतिहास असतो.

तुझ्या माळ्यावरच्या जुन्या पोथीतली फक्त चित्रांची पानं मागायला बदलापूरला एक गृहस्थ येऊन गेले, असं तू फोनवर म्हणालीस. ती द्यायची का, याचं उत्तर दोन वाक्यांत देता आलं असतं, पण ते तुला पटलं नसतं. म्हणून हे पत्र.

सचित्र पोथी हा मुळात पुण्याचा व्यवहार होता. जैनांचं ‘कल्पसूत्र’ पर्युषणात सगळ्या संघासमोर वाचलं जातं. ते लिहून, रंगवून साधूंना अर्पण करणं हे शास्त्रदान. चौदाव्या शतकात गुजरातेत ताडपत्राची जागा कागदानं घेतली, तरी पान लांबट, अरुंदच राहिलं. ताडपत्रं ओवायला जिथे भोक लागायचं, तिथे कागदावर नुसती शोभेची टिकली रंगवू लागले. पंधराव्या शतकात व्यापाऱ्यांकडे पैसा आला, तशी चित्रांमागची लाल जमीन निळी झाली आणि सोन्याचा वर्ख सढळ हातानं लागू लागला. चित्रांतली माणसं एका बाजूला बघतात, आणि त्यांचा पलीकडचा डोळा गालाबाहेर येऊन थांबतो. एकदा पाहिलेली ही शैली माणूस विसरत नाही.

गिऱ्हाईक चित्रावर भाळतं. अभ्यासक आधी समाप्तीचं पान उघडतो, कारण प्रशस्ती तिथे असते. पोथी कोणत्या गावी, कोणत्या संवतात, कोणाच्या राज्यात लिहिली. लिहवून घेणाऱ्या शेठाचे वाडवडील कोण, बायकामुलं कोण, गुरू कोणत्या गच्छाचे, म्हणजे साधुपरंपरेचे. कोणाच्या पुण्यासाठी हा खर्च केला, हे सगळं तिथे सापडतं. कित्येक पोथ्या श्राविकांनी करवून घेतलेल्या आहेत. ज्या बायकांचं नाव ताम्रपटात नाही, बखरीत नाही, त्यांचं नाव पाचशे वर्षं त्या चार ओळींत टिकलं आहे. पोथी दुसऱ्याच्या ताब्यात गेल्यावर जुन्या धन्याचं नाव खोडून तिथे आपलं घातल्याचंही कुठे कुठे दिसतं. हे खोडणं मला चोरीइतकंच वाईट वाटतं.

पुढे या पोथ्या भांडारांत शिरल्या. तिथे एकट्याची मालकी संपते आणि संघाची सुरू होते. आज, कार्तिक शुद्ध पंचमीला, श्वेतांबर जैन ज्ञानपंचमी पाळतात. या दिवशी ग्रंथ बाहेर काढायचे, झाडायचे, त्यांची पूजा करायची. पावसाळ्यात दमट झालेल्या कागदाला थंडीच्या तोंडावर हवा देण्याची याहून शहाणी रीत मला माहीत नाही. या निगराणीमुळेच १८७४ साली जर्मन अभ्यासक जॉर्ज ब्यूलर आणि तरुण हेर्मान याकोबी जैसलमेरला पोचले, तेव्हा त्यांना पाहायला काही उरलं होतं. याकोबीनं १८७९ मध्ये कल्पसूत्राची चिकित्सक आवृत्ती काढली. ब्यूलर, कीलहॉर्न, पीटरसन आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी मुंबई सरकारसाठी गावोगाव हिंडून जमवलेला संग्रह आधी डेक्कन कॉलेजात होता. १९१८ मध्ये तो पुण्याच्या भांडारकर संस्थेत आला. म्हणजे पुण्याईसाठी लिहवलेल्या कितीतरी पोथ्यांचं सरकार हेही एक मालक होऊन गेलं.

आपल्या देवळाचा शिलालेख वाचणाऱ्या पहिल्या विद्वानांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. दिवसा रोगी तपासायचे आणि उरलेल्या वेळात ताम्रपट, नाणी, पोथ्या यांच्या मागे लागायचे, असा हा माणूस. १८७४ मध्ये ते गेले. त्यांच्या पोथ्या आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत त्यांच्याच नावानं सांभाळलेल्या आहेत.

सोसायटीच्या त्याच टाउन हॉलच्या इमारतीत महाभारताच्या आरण्यक पर्वाची एक सचित्र पोथी आहे, १५१६ सालची. दिल्लीच्या गादीवर तेव्हा सिकंदर लोदी होता. समाप्तीच्या मजकुरात त्याचं राज्य आणि लेखनाचं ठिकाण नोंदलेलं आहे. मुघलांआधीच्या उत्तर भारतातल्या चित्रांवर तारखा फारशा नसतात, त्यामुळे त्या शैलीच्या इतर चित्रांचा काळ ठरवताना विद्वान या पोथीचा आधार घेतात. मोती चंद्र आणि कार्ल खंडालावाला यांनी तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. तो मजकूर फाटून गेला असता, तर उरली असती नुसती सुंदर, मुकी चित्रं.

सोसायटीतली सर्वांत गाजलेली पोथी मात्र इटालियन आहे. दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ची ही हस्तलिखित प्रत मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं १८२० मध्ये दिली. याच एल्फिन्स्टनची पुण्यातली रेसिडेन्सी १८१७ च्या नोव्हेंबरात, खडकीच्या लढाईच्या वेळी, पेशव्यांच्या फौजेनं जाळली होती आणि त्याचे ग्रंथ तिच्यात खाक झाले होते. घरचे ग्रंथ जळालेले पाहिल्यावर तीन वर्षांत त्यानं एवढी मोलाची पोथी सार्वजनिक संग्रहाला देऊन टाकली. दोन गोष्टींचा संबंध होता असं कोणी लिहून ठेवलेलं नाही, तरी मला तो वाटतो.

पानं सुटी करण्याचा रोग युरोप-अमेरिकेत फार फोफावला. जॉन रस्किन हा कलेचा एवढा जाणकार, पण त्यानं मध्ययुगीन प्रार्थनापोथ्या कापून त्यांची पानं वाटली. क्लीव्हलंडच्या ऑटो एगेनं विसाव्या शतकात अशा पोथ्या उसवून पानांचे संच विकले. सामान्य माणसालाही एखादं पान मिळावं, हा त्याचा युक्तिवाद होता. आता अभ्यासक ती पानं जगभरातून शोधून संगणकावर पुन्हा जुळवत बसले आहेत. आपल्याकडेही तेच झालं. अहमदाबादच्या देवशानो पाडो भांडारातल्या कल्पसूत्राच्या समासांत नर्तकी आणि इराणी वळणाचे शिपाई आहेत, आणि त्याची पानं आज वेगवेगळ्या संग्रहांत विखुरली आहेत.

तुझ्याकडे आलेल्या गृहस्थांचं दुकान उल्हासनगरला आहे, आणि तिथून चार पावलांवर सिंधी दरबार आणि टिकाणे, म्हणजे सिंध्यांची प्रार्थनास्थळं, आहेत. फाळणीनंतर सिंधमधून कल्याण कॅम्पात, म्हणजे आजच्या उल्हासनगरात, आलेल्या कुटुंबांनी घरं, शेतं, दुकानं मागे टाकली. बरोबर काय आणलं, हे तिथल्या म्हाताऱ्यांना विचारलं की पुष्कळ जण धर्मग्रंथाचं नाव घेतात. ते ग्रंथ अख्खे आले. एकेक पान सुटं करून कोणी आणलं नाही.

तेव्हा आत्या, पोथी त्यांना देऊ नकोस, एक पानसुद्धा नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं किमान ७५ वर्षं जुनं, ऐतिहासिक किंवा कलात्मक मोलाचं हस्तलिखितही पुरावस्तू ठरतं. ते खाजगी माणसाला परदेशी नेता येत नाही, आणि सचित्र पोथीची नोंदणी करावी लागते. फाटलेल्या कडांना सेलोटेप लावू नकोस, लॅमिनेशन तर मुळीच नको. डांबरगोळ्या काढून टाक आणि पोथी धुतलेल्या सुती कापडात सैल बांध. शेवटचं पान उजेडात धरून, फ्लॅश न लावता, त्याचा फोटो काढ आणि मला पाठव. मोडी असेल तर वाचून देणारे ठाण्यात आहेत, देवनागरी असेल तर आपण दोघं मिळून वाचू. नाव लागलं, की मग भांडारकर संस्थेला पत्र लिहू.

तुझा,
भाचा