प्लेट गेली!

दोन गोष्टींचं निदान मराठी माणसाला उपजतच येतं. एक दुसऱ्याच्या पोटदुखीचं आणि दुसरं, दुसऱ्याच्या मोटारीचं. पोटदुखीत निदान ओव्यापासून तरी सुरुवात होते. मोटारीत थेट शस्त्रक्रिया. गाडी रस्त्यात अडली, की उभ्या जन्मात सायकलीच्या पुढे न गेलेला गृहस्थसुद्धा हातातली पिशवी खाली न ठेवता सांगतो, "प्लेट गेली!"

आमच्याकडे पद्मिनी आहे. म्हणजे, अजून आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ साली ही गाडी फियाट ११०० डिलाइट म्हणून बाहेर पडली, १९७४ पासून पद्मिनी म्हणवू लागली आणि २००१ साली तिचं उत्पादन थांबलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आमची मात्र सेवेत आहे. वडिलांनी नंबर लावला तेव्हा मी पाचवीत होतो. गाडी दारात आली तेव्हा मॅट्रिकच्या परीक्षेला बसत होतो. घरात तिला आजही कोणी पद्मिनी म्हणत नाही. 'दादांची गाडी' म्हणतात.

हिच्या गिअरची दांडी स्टिअरिंगखाली असते. गेल्या पावसाळ्यात ही दांडी ऐकेनाशी झाली. पहिला गिअर पडायचा, पण दुसऱ्यात जाताना मध्येच कुठंतरी रुसून बसायची.

समोरच्या निवृत्त हेडमास्तरांनी गॅलरीतूनच निकाल दिला, "प्लेट गेली!" आमचे धाकटे मेहुणे एक पायरी वर चढले : "छे हो भाऊजी, गिअरबॉक्सच गेला." चिरंजीव म्हणाले, "बाबा, भंगारात द्या." एका गॅरेजवाल्याने तर बॉनेटही न उघडता गिअरबॉक्स उतरवायचा आकडा सांगितला. तो ऐकून ही भाजीच्या पिशवीसकट पायरीवर बसली. शेवटी मंगळवारी भंगारवाल्याला बोलवायचं ठरलं. त्या रात्री कोणी फारसं जेवलं नाही.

सोमवारी एक म्हातारे मिस्त्री आले. सगळी हयात टॅक्सीखाली आडवं पडून गेलेली. आल्या आल्या म्हणाले, "साहेब, इंजिन बंद करा."

बंद गाडीची तपासणी म्हणजे पेशंटला झोपवून जीभ बघण्यातला प्रकार वाटला मला. पण मिस्त्रींचं तर्कशास्त्र पक्कं होतं. क्लचचं काम एवढंच, की गिअर बदलताना इंजिन आणि गिअरबॉक्स यांना क्षणभर एकमेकांपासून दूर ठेवायचं. इंजिन चालू असताना गिअर कर्रकन ओरडतो आणि बंद केलं की लोण्यासारखा पडतो, तर समजावं क्लच पुरता सुटत नाहीये. पेडलपासून क्लचपर्यंतची तार किंवा तेल, गाडीत जे असेल ते बघावं. चढावर इंजिन नुसतंच बोंबलतं, गाडी पुढे सरत नाही आणि जळका वास येतो, तर क्लच धरत नाहीये. ही हेडमास्तरांची खरी प्लेट. पेडल दाबलं की घरघर सुरू, सोडलं की बंद, तर बेअरिंग. "आणि इंजिन बंद असूनही गिअर पडत नसेल," मिस्त्री म्हणाले, "तर बिचाऱ्या क्लचला कशाला फासावर चढवायचं?"

आमचा गिअर इंजिन बंद करूनही पडेना.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, मला दांडी हलवायला लावली आणि स्वतः आत वाकून बघत राहिले. "साहेब, तुम्ही वरती हलवताय, पण खाली कोणाला पत्ताच नाही!" दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंत सळया जातात, त्यांना सांधे असतात. त्यातल्या एका सांध्यातला बुश झिजून नावापुरता उरला होता. इतक्या वर्षांत झिजणारच. माणसाचे गुडघे तरी कुठं टिकतात? वरून हुकूम सुटत होता, खाली काम करायची तयारी होती, मधला कारकून तेवढा रजेवर होता. आणि आम्ही अख्खं ऑफिस बंद करायला निघालो होतो!

नवा बुश बसला, ग्रीस लागलं, दुसरा गिअर आज्ञाधारक मुलासारखा पडला. बुशापेक्षा मिस्त्रींच्या चहा-भज्यांना जास्त पैसे पडले. ही काही बोलली नाही, मागच्या सीटवरची धूळ पदराने पुसली आणि म्हणाली, "भंगारवाल्याला नको म्हणून कळवा हं आठवणीनं."

संध्याकाळी गाडी फाटकातून बाहेर काढली. गॅलरीत हेडमास्तर उभे होतेच.

"चालायला लागली वाटतं? छान, छान," ते म्हणाले. "पण एकदा प्लेट बघून घ्या."