न दिसलेलें आणि नसलेलें

'जमिनीवर घट नाहीं' हें ज्ञान मनुष्यास कशानें होतें, या प्रश्नाची आपल्या शास्त्रकारांनीं फार बारकाईनें चर्चा केली आहे. जें नाहीं, तें डोळ्यांस दिसणार कसें? म्हणून भाट्ट मीमांसकांनीं व अद्वैत वेदान्त्यांनीं 'अनुपलब्धि' नांवाचें सहावें प्रमाण मानलें. मात्र तें मानतांना त्यांनीं एक अट घातली. वस्तु असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिति पाहिजे. लख्ख उजेडांत अंगणांत घट दिसला नाहीं, तर तो तेथें नाहीं असें खुशाल म्हणावें. अंधाऱ्या कोठींत दिसला नाहीं, तर आपल्याला दिसला नाहीं, एवढेंच म्हणावें. हा भाग शिकवितांना, याचा व्यवहारांत उपयोग काय, असें एखादा चुणचुणीत विद्यार्थी हटकून विचारी. त्याचें एक उत्तर आम्हांस अलीकडे अगदीं अनपेक्षित ठिकाणीं सांपडलें. विषाणु मनुष्याच्या पेशींत शिरल्यावर तेथें काय उलथापालथ करितो, हें शोधणाऱ्या शास्त्रांत तें होतें.

आमची पुतणी पुण्यास एका संशोधनसंस्थेंत हेंच काम करिते. दिवाळींत ती अंबाजोगाईस आली, तेव्हां फराळ आटोपला कीं लॅपटॉपवर आंकड्यांचें एक लांबच लांब कोष्टक उघडून बसे. दासोपंतांची पासोडी जपणाऱ्या गांवांत लांबीचें नवल कोणास वाटूं नये. तरी हें कोष्टक पाहून आम्ही चकित झालों. तिनें तें आम्हांस समजावून दिलें, आणि तें सर्वच घरांतून समजणें जरूर आहे, असें वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहों.

विषाणु हा मोठा परावलंबी प्राणी. त्यास प्राणी म्हणावें कीं नाहीं, येथूनच वाद आहे. कोविडच्या विषाणूचा सारा शिधा म्हणजे सुमारें ३०,००० अक्षरांचा एक संदेश व त्यावरून तयार होणारीं सुमारें २९ प्रथिनें. याच्या उलट, मनुष्याच्या देहांत प्रथिनांच्या निरनिराळ्या पाककृति सुमारें २०,००० आहेत. हा दरिद्री पाहुणा घरांत शिरतो, चूल, भांडीं, आचारी सर्व कांहीं ताब्यांत घेतो, आणि आपलाच स्वयंपाक करवून घेतो. तेव्हां घरांतील कोणतें प्रथिन वाढलें, कोणतें घटलें, याची खानेसुमारी केली, तर पाहुण्याची रीत कळेल. या खानेसुमारीस प्रोटिऑमिक्स म्हणतात.

ती करण्याची रीत संस्कृतज्ञांस परकी वाटणार नाहीं. समासप्रचुर वाक्य कळत नसलें, तर आपण आधीं पदें पाडतों. येथें तें काम ट्रिप्सिन करितें. आपल्या आंतड्यांत अन्न पचविणारें हें द्रव्य प्रथिनाची लांब साखळी लायसिन व आर्जिनिन या दोन मण्यांच्या पुढेंच तोडतें. म्हणजे तुकडे वाटेल तसे न पडतां नियमानें पडतात. मग मास स्पेक्ट्रोमीटर नांवाचें यंत्र त्या तुकड्यांस विद्युद्भार देऊन अत्यंत सूक्ष्म तोलानें तोलतें, आणखी फोडून पुन्हां तोलतें. शेवटीं संगणक तीं वजनें मनुष्याच्या व विषाणूच्या सर्व ज्ञात प्रथिनांच्या यादीशीं ताडून पाहतो, आणि अमुक पद अमुक वाक्यांतलें, असा निर्णय देतो.

हा निर्णय चुकत नसेल कशावरून? यावरची युक्ति आम्हांस फार आवडली. खऱ्या यादीला तीच यादी उलट क्रमानें लिहून जोडतात. उलटीं प्रथिनें जगांत कोठेंही नाहींत. तेव्हां संगणकानें त्यांतलें एखादें 'सांपडलें' म्हणून सांगितलें, तर तो निर्णय खोटाच. असे खोटे निर्णय किती येतात, यावरून खऱ्या यादींतही किती चुका शिरल्या असतील याचा अदमास बांधतात, आणि सामान्यतः शंभरांत एकाहून अधिक चूक चालूं देत नाहींत. आपली फसगत मोजण्यासाठीं आपणच सापळा लावून ठेवणें, ही प्रामाणिकपणाची रीत कोणत्याही व्यवसायानें घ्यावी अशी आहे.

कोष्टकांत एकीकडे विषाणु न लागलेल्या पेशी व दुसरीकडे लागलेल्या, असे रकाने होते. आणि पुष्कळ घरें चक्क रिकामीं होतीं. आम्हीं विचारलें, "येथें शून्य कां नाहीं लिहिलें?"

ती म्हणाली, "काका, शून्य लिहिलें तर तें प्रथिन नाहींच, असें आपण सांगितल्यासारखें होतें. यंत्रानें तें पाहिलें नाहीं, एवढेंच आपल्याला ठाऊक आहे. फार थोडें असलें तर मोठ्या प्रथिनांच्या गर्दींत तें हुकतें."

"मग तुझी कोठी अंधारी आहे म्हण कीं!"

"हो. म्हणून एकच प्रयोग तीनतीन, चारचार वेळां करायचा. न लागलेल्या पेशींत दर वेळीं दिसतें आणि लागलेल्यांत एकदांही दिसत नाहीं, असें झालें तरच कांहीं बोलायचें. आणि तेंही जपून."

आणखी एक सापळा तिनें सांगितला. एका प्रथिनाबाबत शंभरांत पांच इतका चुकीचा संभव चालवून घेतला, तर तें फारसें वाटत नाहीं. पण ५,००० प्रथिनें तशींच एकामागून एक तपासलीं, तर विषाणूनें कांहींही केलें नसलें तरी सुमारें २५० 'बदललेलीं' निघतील. तेव्हां प्रश्न जितके अधिक, तितकी कसोटी कडक करावी लागते.

या शिस्तीनें केलेलें काम केवढें मोठें होतें, हें २०२० सालीं दिसलें. जर्मनींत फ्रँकफुर्ट येथें मनुष्याच्या आंतड्याच्या पेशींना विषाणु लावून २, ६, १० व २४ तासांनीं प्रथिनें मोजलीं. पेशीची प्रथिनें घडविण्याची यंत्रणा विषाणु कशी वापरतो, तें त्यावरून कळलें, आणि ती यंत्रणा थोपविणाऱ्या द्रव्यांनीं पेशींतील त्याची वाढ थांबते, हेंही दिसलें. अमेरिकेंत सॅन फ्रॅन्सिस्को येथें विषाणूचीं २६ प्रथिनें एकेक करून मानवी पेशींत सोडलीं, आणि तीं कोणाकोणाचा हात धरतात याचा नकाशा काढला. त्यांत ३३२ संबंध निघाले, व त्यांवरून ६९ औषधी द्रव्यें तपासण्याजोगीं ठरलीं. आपल्याकडे मुंबईस पवईच्या आय. आय. टी. मध्यें प्राध्यापक संजीव श्रीवास्तव व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ७१ जणांचा रक्तद्रव तपासला: २० जणांस कोविड नव्हता, १८ जणांचा सौम्य होता, ३३ जणांचा तीव्र. सुमारें १,२०० प्रथिनें दिसलीं. त्यांपैकीं ३८ सौम्य व तीव्र दुखण्यांत वेगळीं निघालीं. रक्त गोठण्याशीं व देहाच्या संरक्षणाशीं संबंधित क्रिया तीव्र रोग्यांत बिघडलेल्या होत्या. हें काम २०२१ सालीं प्रसिद्ध झालें.

येथवर सर्व कौतुकाचेंच. पण या कामाची बातमी होऊन ती आपल्या माजघरांत येते, तेव्हां वाटेंत कांहीं तरी हरवतें. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही मलेरियावरची जुनी गोळी प्रयोगशाळेंतील पेशींत या विषाणूस आवर घालते, अशा वार्ता २०२० च्या आरंभीं आल्या. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या नकाशावरून तपासलेल्या औषधांतही तिचें नांव होतें. वार्ता येतांच लोकांनीं त्या गोळ्या घरोघर भरून ठेवल्या. आमच्या वहिनींना, म्हणजे या पुतणीच्या आईला, आमवातासाठीं तीच गोळी रोज लागते. त्या वसंतांत गांवांत कोठेंही मिळेना. निरोग्यांच्या कपाटांत गोळ्या, आणि वहिनींना सकाळीं वेणी घालतां येत नव्हती, इतकीं बोटें आंखडलीं होतीं.

पुढें इंग्लंडांत त्या गोळीची खरी परीक्षा झाली. रुग्णालयांतील १,५६१ रोग्यांस ती दिली, ३,१५५ जणांस नेहमींचेच उपचार दिले. अठ्ठावीस दिवसांत पहिल्यांपैकीं शेंकडा २७ व दुसऱ्यांपैकीं शेंकडा २५ दगावले. म्हणजे गोळीनें लाभ नाहीं. त्याच परीक्षेंत डेक्सामेथासोन हें स्वस्त औषध मात्र कृत्रिम श्वासावर असलेल्यांचे मृत्यु सुमारें एकतृतीयांशानें कमी करितें, असें ठरलें.

पेशींत जें दिसलें, तें मग खोटें होतें काय? नव्हे, त्याचें कारण निराळें होतें. नैयायिक सांगतात, जेथें अग्नि तेथें धूर, हें अनुमान सदोष आहे. ओलें सरपण हा त्यांतला उपाधि होय. २०२१ सालीं त्याच नकाशाच्या कर्त्यांपैकीं कांहींनीं इतरांसह असाच उपाधि शोधून काढला. या जातीचीं पुष्कळ औषधें पेशींत एक प्रकारचे स्निग्ध पदार्थ सांचवितात. पेशी त्यानें बिघडते, म्हणून विषाणूची वाढ खुंटते. नेमक्या प्रथिनाशीं त्याचा कांहीं संबंध नसतो. आपल्याच अनुमानांतील ओलें सरपण जगापुढें मांडणाऱ्या त्या विद्वानांविषयीं आम्हांस अधिकच आदर वाटला.

म्हणून सुशिक्षित घरांतून एवढें तरी व्हावें. 'औषध सांपडलें' अशी बातमी आली, कीं तीन प्रश्न विचारावे. हें पेशींत दिसलें कीं माणसांत? किती माणसांत? आणि कोणाशीं ताडून पाहिलें? यांचीं उत्तरें बातमींत नसलीं, तर औषध खोटें आहे असें समजूं नये, आणि खरें आहे असेंही समजूं नये. तें घर रिकामें ठेवावें, आणि दुकानीं जाण्यापूर्वीं आपल्या वैद्यास विचारावें. शेजारीं कोणाच्या तरी रोजच्या गोळ्या त्यानें वांचतील.