गीतकाराचं नाव

रेडिओवरच्या रात्रीच्या गाण्यांना गेल्या पावसाळ्यापासून नवा निवेदक आलाय. आधीच्या बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या आवाजापेक्षा मला त्यांचं थांबणं जास्त आठवतं. गाणं संपलं की त्या लगेच बोलायच्या नाहीत, शेवटचा सूर विरू द्यायच्या. तेवढ्यात बाहेरच्या पागोळ्या ऐकू यायच्या. मग चित्रपट, गायक, संगीतकार, गीतकार. एकही नाव गाळायच्या नाहीत. हा नवा मुलगा शेवटची ओळ पुरती व्हायच्या आत बोलायला लागतो. गीतकाराचं नाव तर घेतच नाही. ज्यानं शब्द दिले त्याला दाराबाहेर ठेवायचं, हे मला फार खुपतं.

आमच्या अण्णांचंही जुन्या निवेदकाच्या बाबतीत असंच. ते अंदर मावळातले. त्यांच्या लहानपणी बुधवारी रात्री आठ वाजता पाटलांच्या ओसरीवर रेडिओ सिलोन लागायचं. लघुलहरी आभाळातल्या वरच्या थरावरून परतून खाली येतात, त्यांना डोंगर आडवा येत नाही. एफएमच्या लहरी सरळ धावतात आणि डोंगराशी अडतात. म्हणून आमच्या मावळातल्या डोंगराआडच्या वाड्यांना तेव्हाचं कोलंबो जवळचं आणि आजचं एफएम लांबचं! १९५२ मध्ये 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि तिचे निवेदक अमीन सयानी घरोघरी पोचले. 'बहनों और भाइयों' म्हणताना ते बहिणींना आधी हाक मारतात, याचं आजीला कोण अप्रूप. त्यांची ती सोपी हिंदुस्तानी घरातच घडलेली. आई कुलसुम सयानी 'रहबर' हे पाक्षिक काढायच्या, त्यात मुलगा हाताशी असे. अण्णांच्या लेखी त्यांच्यानंतर निवेदक झालाच नाही. २० फेब्रुवारी २०२४ ला सयानी गेले. त्या रात्री अण्णा जेवले नाहीत.

पण सयानी स्वतःही कुणाच्या तरी मागून आले होते. थोरले भाऊ हमीद यांनीच त्यांना रेडिओवर आणलं. १९७५ मध्ये हमीद गेले आणि त्यांची 'बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट' अमीन यांच्याकडे आली. भावाच्या खुर्चीत बसून, भावाच्याच श्रोत्यांसमोर पहिलं वाक्य उच्चारताना त्यांचा घसा कसा झाला असेल! तेव्हाही कुणीतरी म्हणालं असेल, हमीदभाईंची सर नाही. हे मनात आल्यापासून मी त्या मुलाचं बोलणं बंद न करता ऐकतो. त्याचा आवाज चांगला आहे. जुन्या भावगीतांशी येतो तेव्हा थोडा हळूही होतो.

परवा रात्री लोणावळ्याहून तळेगावला निघालो होतो. एक्स्प्रेस वेवर पाऊस, काचेवर धुकं. एक गाणं संपलं. तो बोलला नाही. वायपरच्या दोन फेऱ्या झाल्या तरी बोलला नाही. मग म्हणाला, "आणि याचे गीतकार आहेत..."

तेवढ्यात कामशेतचा बोगदा आला. नुसती खरखर. मी आवाज वाढवून ठेवला. बाहेर पडलो तेव्हा पुढचं गाणं सुरू झालं होतं.