थांबण्याचं कसब

एर्नाकुलम जिल्ह्यातून पी. आर. श्रीजेश तिरुअनंतपुरमच्या जी. व्ही. राजा स्पोर्ट्स स्कूलमध्ये दाखल झाला, तेव्हा हॉकी त्याच्या डोक्यातही नव्हती. गोळाफेक, लांब उडी, व्हॉलीबॉल असं सगळं चाखून तो गोलपोस्टमध्ये येऊन उभा राहिला. इथं पळावं कमी लागतं, हे त्यामागचं एक कारण त्यानंच मिश्कीलपणे सांगितलेलं आहे. वडिलांनी मात्र त्याच्या पॅडसाठी घरची गाय विकली.

२००६ साली तो भारताकडून खेळला खरा, पण पुढची काही वर्षं मुंबईचा एड्रियन डिसूझा आणि भरत छेत्री या गोलरक्षकांच्या मागेच राहिला. फॉरवर्ड सामन्यात दहादा आत-बाहेर होतात. गोलरक्षकाची जागा एकच, आणि ती सहसा कुणी सोडत नाही.

थांबणं हीच या कामाची तालीम असावी. शूटआउटमध्ये प्रतिस्पर्धी २३ मीटरच्या रेषेवरून चेंडू घेऊन निघतो, हातात आठ सेकंद. गोलरक्षकानं आधी आडवं पडावं, एवढंच त्याला हवं असतं. श्रीजेश पडत नसे. पुढे सरकून कोन अरुंद करायचा, समोरच्याला कडेला रेटायचा आणि सेकंद जळू द्यायचा. पेनल्टी कॉर्नरला तेवढीही सवड नसते. तिथं फ्लिक करणाऱ्याचा खांदा नि पाय आधीच वाचावे लागतात. उरलेलं काम घशाचं. बचावफळीला सतत ओरडून जागेवर ठेवायचं. टीव्हीवर हे ऐकू येत नाही, म्हणून त्याचं श्रेयही कुणी देत नाही.

टोकियो ऑलिंपिकमध्ये कांस्यपदकाच्या सामन्यात भारताकडे जर्मनीविरुद्ध ५-४ अशी आघाडी होती आणि अगदी शेवटच्या सेकंदांत जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला. श्रीजेशनं तो अडवला. भारतीय हॉकीत ४१ वर्षांनी ऑलिंपिक पदक आलं. गोलपोस्टवर चढून बसलेल्या श्रीजेशचा फोटो सगळ्यांना आठवतो. पण त्याची कारागिरी बघायची तर पॅरिस ऑलिंपिकची उपांत्यपूर्व फेरी बघावी. १७व्या मिनिटाला भारताच्या अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं. उरलेला सगळा सामना दहा जणांनी ब्रिटनला १-१ वर रोखून धरलं, आणि शूटआउट ४-२ असं जिंकलं. श्रीजेश तेव्हा ३६ वर्षांचा होता. या वयात फॉरवर्डचे पाय साथ सोडतात. याची नजर उलट पक्की झाली होती.

स्पेनला हरवून दुसरं कांस्य मिळालं आणि तो थांबला. हॉकी इंडियानं त्याची १६ क्रमांकाची जर्सीही निवृत्त केली. इतकी वर्षं त्याच्यामागे राखीव राहिलेला कृष्ण बहादूर पाठक तोवर २७ वर्षांचा झाला होता.