तोन्ले सापचं उलटं पाणी

पावसाळ्यात मेकाँग फुगते आणि कंबोडियातली तोन्ले साप नदी चक्क उलटी फिरून सरोवरात शिरते. मग ते सरोवर पाच-सहापट पसरतं, कंपोंग फ्लुकसारख्या गावांतल्या उंच खांबांवरच्या घरांच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली जातात, झाडांचे नुसते शेंडे दिसत राहतात, आणि अर्ध्या दिवसाची शाळा आटोपलेली, पांढऱ्या सदऱ्यांतली पोरं होड्या वल्हवत इंग्रजीच्या वर्गाला येतात. दाराशी ओल्या चपलांचा ढीग. प्रहोकचा, आंबवलेल्या मासळीचा उग्र वास. फळ्यांच्या फटींतून वर येऊन छतावर थरथरणारा पाण्याचा उजेड.

शब्दाच्या शेवटी येणारा ‘स’ या पोरांच्या तोंडी विरून जातो. ‘राईस’चा नुसता ‘राई’ उरतो. एके दुपारी पुढचे दोन्ही दात पडलेली एक चिमुरडी खडू मुठीत आवळून, डोळे घट्ट मिटून, तो ‘स’ ओढत राहिली, ओढत राहिली, आणि दातांच्या खिंडीतून अशी लखलखीत शीळ फुटली की सगळा वर्ग आधी दचकला, मग लोळला, आणि मग प्रत्येकाला ती शीळ हवीशी झाली. खिडकीबाहेर जाळं झाडणारा म्हातारासुद्धा हसत ‘राईस्स्स’ म्हणाला.

त्या दिवशी पुस्तक उघडलंच नाही.

पाचवीत इंग्रजीचं पुस्तक पहिल्यांदा हाती आलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. तो बहुधा त्या दुपारी विरघळला. तिथे हौसेने शिकवायला गेलेल्याचा मोबदला म्हणायचा तर एवढाच. पण फार गोड, आणि म्हणूनच जरा जपून घ्यावा असा. कारण पोरं गळ्यात पडतात, फोटो निघतात, पाहुणा विमानात बसतो, आणि पुढच्या पाहुण्याच्या गळ्यात पडायला तीच पोरं पुन्हा दारात उभी असतात.

वर्ग खरा चालवायची ती तिथलीच शिक्षिका. मुलं तिला ‘नेआक क्रू’ म्हणत. 1975 ते 1979 या ख्मेर रूज राजवटीच्या काळात या देशातल्या शाळा बंद पडल्या, शिकलेली माणसं वेचून मारली गेली. त्यानंतर उरल्यासुरल्या माणसांनी पुन्हा फळे उभे केले. तशाच एका फळ्यापुढे ती रोज उभी राहते, पाणी चढो की उतरो.

तेव्हा असं शिकवायला जायचं असेल तर जरूर जा. पण पंधरा दिवसांसाठी नको, आणि गेल्या गेल्या खडू हातात घेऊ नका. आधी तिथल्या बाईंना विचारा, त्यांना तुमची कशासाठी गरज आहे.